रात्री मरणारा हात आणि दिवसाच्या हजार विड्या : कुंभारीतल्या एका विडी कामगार बाईचं प्रकरण

रुग्ण स्त्री, वय ४७. काम विड्या वळण्याचं, लग्न झाल्यापासूनचं. राहायला सोलापूरजवळ कुंभारीला, गोदूताई परुळेकर वसाहतीत. २००६ मध्ये विडी कामगार बायकांना इथे दहा हजार घरं मिळाली, त्यांतलंच एक. नवरा यंत्रमागावर, मुलगा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत, घरात सून आणि पाच महिन्यांचा नातू. भिंतीपलीकडे जाऊ राहते, तीही विड्याच वळते. ओळख पटू नये म्हणून घरगुती तपशील थोडे बदलले आहेत. आजाराचे आणि कामाचे तसेच ठेवले आहेत.

मी फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे हात दुखतो म्हणून येणाऱ्यांत विडी, यंत्रमाग, शिलाई आणि धुणीभांडी करणाऱ्या बायकाच जास्त. हे प्रकरण सविस्तर मांडायचं कारण असं, की या बाईच्या एकाच उजव्या हातात सोलापुरात नेहमी दिसणाऱ्या दोन तक्रारी एकत्र होत्या, तिसरी तिच्याच घरात सुनेच्या मनगटात होती, आणि तिन्हींवर आधी मिळालेला सल्ला एकच होता : हाताला विश्रांती द्या. दर हजार विड्यांमागे मजुरी मिळणाऱ्या बाईला एवढंच सांगून घरी पाठवणं म्हणजे तिच्यावर काहीच उपचार न करणं, असं माझं स्पष्ट मत आहे. हात कोणत्या हालचालीने दुखावतो ते शोधायचं आणि तेवढी हालचाल बदलायची, हे काम उपचार करणाऱ्याचं आहे. ते रुग्णावर ढकलता येत नाही.

तक्रार

"मॅडम, रातच्याला हात मरतोय बघा. दोनला, तीनला जाग येती. उठून झटकाय लागतंय, मग येतंय हातात जीव."

सुरुवात दोन वर्षांपूर्वी थंडीत झाली होती. मधल्या बोटाला मुंग्या यायच्या. तंबाखूत दिवसभर हात असतो, त्याचीच उष्णता असेल, असं घरात ठरलं. पुढे अंगठा, पहिलं बोट आणि मधलं बोट रोज रात्री बधिर व्हायला लागली. गेल्या सहा महिन्यांत दिवसाही बोटं जड राहू लागली. एका दवाखान्यात मानेचा एक्स-रे काढून 'मणक्यात गॅप आहे, नस दबली' असं सांगितलं गेलं. मानेला पट्टा, वेदनाशामक गोळ्या, ताकदीची इंजेक्शनं झाली. गोळ्यांनी पोटात जळजळ सुरू झाली, मुंग्या होत्या तशाच राहिल्या.

इथे एक सांगायलाच हवं. पंचेचाळिशी ओलांडलेल्या कितीतरी माणसांच्या मानेच्या एक्स-रेमध्ये झीज दिसते, आणि त्यांतल्या अनेकांना काहीही त्रास नसतो. झीज दिसली म्हणून बोटांचा बधिरपणा तिथूनच आला, असं होत नाही. मानेतली नस दबली असेल तर दुखणं बहुतेक वेळा मानेतून खांद्यावरून खाली उतरतं, मान वळवली की वाढतं. या बाईची मान मी सगळ्या बाजूंनी वळवून पाहिली. हातात काहीच उमटलं नाही.

हाताने रोजचं काय काय सुटलंय, हे विचारल्यावर ती आधी गप्प बसली, मग बोलतच राहिली. ब्लाउजचे हुक सुनेकडून लावून घ्यावे लागतात. मोबाइल कानाला धरला की दोन मिनिटांत हात बधिर होतो, म्हणून मंगळवेढ्याच्या बहिणीशी बोलणं कमी झालंय. गावाकडच्या एसटीत उभं राहून दांडा धरवत नाही. सोलापुरी चादर पिळता येत नाही, ती ओलीच दोरीवर पडते. शेंगाची चटणी उखळात कुटायचं काम सुनेकडे गेलं. रेशन दुकानातल्या यंत्रावर अंगठा लागत नाही. (हे बधिरपणामुळे नव्हे. वर्षानुवर्षं पानं घासून बोटांच्या रेषा पुसट होतात, विडी कामगारांत हे मी पुष्कळ पाहिलं आहे. आधारमध्ये बुबुळांचीही नोंद असते, त्याची सोय मागता येते, हे तिला माहीत नव्हतं.)

आणि विडी? विडी सैल झाली की घट्ट, हे बोटांना कळेनासं झालं होतं. सैल विडी कारखान्यात छाटीत निघते, तिची मजुरी मिळत नाही. पूर्वी संध्याकाळपर्यंत हजार पुरे व्हायचे, आता रात्रीचे नऊ वाजत. म्हणजे दुखरा हात आधीपेक्षा जास्त तास राबत होता.

अंगठ्याची तक्रार तिने सगळ्यांत शेवटी सांगितली, तीही जाता जाता. सकाळी अंगठा मुडपलेलाच राहतो, दुसऱ्या हाताने सरळ करावा लागतो, तेव्हा 'कट्' असा आवाज येतो. तिला वाटत होतं, हेही त्याच दुखण्यातलं. तसं नव्हतं.

तपासणी

उजव्या हाताच्या पहिल्या बोटाच्या टोकावर भाजल्याचा डाग होता, ताजा. कधी भाजलं विचारलं तर तिला आठवेना. भाकरी तव्यावर बोटांनी उलटताना चटका बसला होता आणि तो जाणवलाच नव्हता. फोड आलेला सुनेने दाखवला तेव्हा कळलं. मला या एका डागाने सर्वांत जास्त काळजीत टाकलं, कारण मुंग्या येणं ही नसेची कुरकुर असते. चटका न कळणं याचा अर्थ नस काम सोडायला लागली आहे.

कोणती बोटं बधिर होतात, ते तिला डाव्या हाताने दाखवायला सांगितलं. तिने अंगठा, पहिलं, मधलं आणि अनामिकेची अर्धी बाजू दाखवली. करंगळी साफ. अंगठ्याच्या मुळाशी तळहातावरची कातडीही ठीक. हा नकाशा फार बोलका असतो. मनगटाच्या तळहाताकडच्या बाजूला एक अरुंद बोगदा आहे. खाली मनगटाची हाडं, वर एक जाड आडवा पट्टा, आणि मधून बोटं मिटवणाऱ्या नऊ कंडरा (स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोऱ्या) आणि एक नस जाते. मीडियन नावाची ही नस नेमकी याच साडेतीन बोटांची संवेदना सांभाळते. करंगळीची नस त्या बोगद्यातून जात नाही. अंगठ्याच्या मुळाशी तळहाताला जाणारी मीडियनची फांदीही बोगद्याच्या आधीच फुटून बाहेरून जाते, म्हणून तिथली जाणीव शाबूत राहते. जागा कमी, कंडरांभोवतीचं आवरण सुजलं, की पहिला दाब नसेवर येतो. झोपेत मनगट वाकलेलं राहतं तेव्हा बोगद्यातला दाब आणखी वाढतो, म्हणून त्रास रात्री जास्त. याला कार्पल टनेल सिंड्रोम म्हणतात.

दोन्ही मनगटं पूर्ण वाकवून ठेवायला सांगितलं. ही फेलनची चाचणी, एक मिनिटापर्यंत थांबतात. उजव्या हाताला वीस सेकंदांतच मुंग्या आल्या. डाव्यालाही आल्या, पण मिनीट संपता संपता. बोटाच्या टोकावर दोन टोकं टेकवून 'एक की दोन' विचारलं. निरोगी बोटाला साधारण सहा मिलिमीटरपर्यंतचं अंतर वेगळं कळतं, हिला नऊपर्यंत एकच वाटत होतं. आणि दोन्ही तळहात शेजारी ठेवल्यावर डॉक्टर नसलेल्यालाही दिसेल असा फरक होता : उजव्या अंगठ्याच्या मुळाची फुगवटी बसलेली होती. तो स्नायू सुकत चालला होता.

बधिर हात समोर आला की आपल्याकडे आणखी दोन गोष्टी पाहिल्याशिवाय पुढे जाऊ नये, असं मी मानते. पहिली कुष्ठरोग. म्हणून अंगावर फिकट किंवा बधिर चट्टा आहे का ते पाहिलं, कोपरामागची नस जाड झालीय का ते चाचपलं. दोन्ही नव्हतं. हा आजार पूर्ण बरा होतो, पण उशीर झाला तर बोटं वाकडी होतात, म्हणून विचारायला संकोच करून चालत नाही. दुसरी गोष्ट रक्तातली साखर आणि थायरॉइड. या दोन्हींत कार्पल टनेल जास्त आढळतो. थायरॉइड ठीक निघालं. तीन महिन्यांची सरासरी साखर, म्हणजे एचबीएवनसी, ८.४ टक्के आली. ६.५ आणि त्यापुढे मधुमेह धरतात. आपल्याला साखर आहे हे या बाईला हाताच्या दुखण्याने कळलं.

अंगठ्याच्या मुळाशी, तळहाताच्या बाजूला, मटारएवढी गाठ हाताला लागत होती आणि अंगठा हलवला की तिथेच अडकत होतं. हा ट्रिगर थंब. बोट मिटवणारी कंडरा जिथून कडीतून सरकते तिथे ती जाड होते, मिटताना आत जाते, उघडताना अडते. मधुमेहात हाही जास्त दिसतो. म्हणजे दोन तक्रारी वेगळ्या, दोन जागा वेगळ्या; साखर आणि काम मात्र दोन्हींच्या मुळाशी.

नसेची विद्युत तपासणी करून घेतली. उजवीकडे नस बरीच मंदावलेली, डावीकडे किंचित.

हात दिवसभर काय करतो

हातातली कात्री, सूप आणि थोडी पानं घेऊनच या, असं मी तिला सांगितलं होतं. ती जावेला घेऊन आली. खाली बसून तिने काम करून दाखवलं. कागदावरचा कोणताही अहवाल मला एवढं सांगू शकला नसता.

रात्री भिजवलेली तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळलेली असतात. पत्र्याचं माप पानावर ठेवून कात्रीने कापायचं. मग पान डाव्या हातात, तंबाखू उजव्या हाताने पसरायचा, दोन्ही अंगठे आणि पहिल्या बोटांनी वळायचं, तोंड दुमडायचं, सूत बांधायचं. पंचवीस झाल्या की एक कट्टा.

मला वाटलं होतं वळण्यातच सगळा त्रास असेल. प्रत्यक्षात वाईट होतं ते कापणं. तिची कात्री बोथट होती, मूठ उघडी लोखंडी, आणि वेळ वाचावा म्हणून ती तीन-चार पानं एकावर एक घेऊन कापत होती. प्रत्येक कापाला मनगट आत वाकत होतं आणि कात्रीची कडी अंगठ्याच्या मुळाशी नेमकी त्या गाठीवर रुतत होती. चिमटीचा जोर शरीर कसा वाटून घेतं, याचं एक मोजमाप आहे : अंगठ्याच्या टोकाने एक किलो जोराने चिमटलं, तर अंगठ्याच्या मुळाच्या सांध्यावर बाराएक किलोचा दाब येतो. हजार विड्यांना पानाचे हजार तुकडे कापायचे, वरून फाटकी-तुटकी टाकून द्यायची पानं वेगळी.

वळताना सूप मांडीवर खूप खाली होतं, त्यामुळे दोन्ही मनगटं सतत वाकलेली. मान खाली. ही मान दुखणं खरं होतं, फक्त बोटांच्या मुंग्यांशी त्याचा संबंध नव्हता.

काय बदललं

जाऊ सोबत होती, हे फार उपयोगी पडलं. तिची तक्रार पाठीची, हात ठणठणीत. मी विचारलं, तुम्ही दोघींची पानं कापाल का आणि मावशी तुमचंही दुमडणं-बांधणं थोडं करतील का? दोघींनी एकमेकींकडे पाहिलं आणि तिथेच हिशोब सुरू केला. कापणं जावेकडे, सूत बांधणं हिच्याकडे, मजुरी ज्याच्या त्याच्या नावावर. हे मला सुचवता आलं, पण जमवलं त्यांनी. कात्रीला धार आठवड्याला लावायची, मुठीला सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची, पानं एका वेळी दोनच. सुपाखाली पाट, म्हणजे हात कोपराच्या पातळीला येतात आणि मनगट सरळ राहतं.

दर अर्ध्या तासाला हात मोकळे करा, असं सांगून कोणी करत नाही. घड्याळ बघायला वेळ कुणाकडे आहे? म्हणून कट्ट्याचीच मोजणी धरली. एक कट्टा बांधला की दोन्ही हात उघडून बोटं ताणायची, मनगटं सरळ करायची, चार श्वास. हजार विड्यांत चाळीस कट्टे, म्हणजे चाळीस वेळा हात सुटतो, आणि वेळ जेमतेम दहा-बारा मिनिटं जातो. हे तिने पहिल्या दिवसापासून पाळलं.

रात्रीसाठी मनगटाचा स्प्लिंट, म्हणजे आधाराचा पट्टा, दिला. याबद्दल एक महत्त्वाची गोष्ट. दुकानात मिळणाऱ्या बहुतेक पट्ट्यांत एक वाकवलेली धातूची पट्टी असते, ती मनगट वर उचलून धरते. कार्पल टनेलमध्ये मनगट सरळ हवं, कारण बोगद्यातला दाब तेव्हाच सर्वांत कमी असतो. ती धातूची पट्टी बाहेर काढून सपाट करून परत घालावी लागते. मी अशा न सरळ केलेल्या पट्ट्या लावून 'काही फरक नाही' म्हणणारे रुग्ण सतत पाहते. पट्टी फक्त झोपताना लावायची, म्हणून मजुरी बुडत नाही. याच कारणाने ती वापरलीही जाते.

तव्यावरची भाकरी बोटांनी उलटायची नाही, हा नियम मी जरा कडक आवाजात सांगितला. उलथनं वापरायचं. तिला ते अपमानास्पद वाटलं, मला ते दिसत होतं. मंगळवेढ्याच्या, ज्वारीच्या मुलखातल्या बाईला भाकरी उलथन्याने उलटायला सांगणं साधं नाही. पण भाजल्याचं न कळणाऱ्या बोटाला साखर असताना जखम झाली, तर ती चिघळते. सुनेने माझी बाजू घेतली.

गोळ्यांनी आणि आहाराने साखर खाली आणायला तिचे डॉक्टर लागले. अस्थिरोगतज्ज्ञांनी अंगठ्याच्या गाठीपाशी स्टेरॉइडचं एक इंजेक्शन दिलं. त्यानंतर काही दिवस साखर चढते, हे आधीच सांगून ठेवलं होतं, त्यामुळे वाढलेले आकडे पाहून घरात घबराट झाली नाही. तीन आठवड्यांत अंगठा अडकायचा थांबला.

रात्रीची जाग कमी झाली, पण दिवसाचा बधिरपणा हटला नाही. ते अपेक्षितच होतं. स्नायू सुकायला लागला आणि बोटं सतत बधिर राहू लागली, की पट्टी आणि व्यायामावर वेळ काढणं धोक्याचं. नस मोकळी करावी लागते. नवऱ्याचा प्रश्न अगदी रास्त होता : "नस कापली तर हात जायचा न्हवं?" मी कागदावर चित्र काढून दाखवलं. कापतात तो वरचा आडवा पट्टा, नसेला हात लावत नाहीत. पट्टा सुटला की बोगदा रुंद होतो. फक्त हात बधिर करून, थोड्या वेळात होणारी शस्त्रक्रिया आहे. खरा खर्च शस्त्रक्रियेचा नव्हता, त्यानंतरच्या बुडालेल्या मजुरीचा होता. दिवाळीपर्यंत काम ओढायचं आणि नंतर करायचं, असं घरात ठरलं. तोपर्यंत साखरही बरीच खाली आली होती. नोव्हेंबरअखेर शस्त्रक्रिया झाली.

सुनेचं मनगट

मावशींच्या शस्त्रक्रियेनंतर टाके काढायला सून सोबत आली आणि बाळाला उचलताना तिचा चेहरा आक्रसलेला दिसला. मनगटाची अंगठ्याकडची बाजू दुखत होती. अंगठा मुठीत धरून मनगट करंगळीकडे झुकवलं तर कळ थेट वर गेली. ही डी क्वेर्व्हेनची तक्रार. स्विस शल्यचिकित्सक फ्रिट्झ डी क्वेर्व्हेन यांनी १८९५ मध्ये ती नोंदवली, म्हणून ते नाव. अंगठा बाजूला ताणणाऱ्या दोन कंडरा मनगटाजवळ ज्या कडीतून जातात, तिथे घर्षण होतं. बाळंतपणानंतरच्या बायकांत ती फार दिसते, कारण बाळाच्या काखेत अंगठा ताठ उघडा ठेवून उचललं जातं. हिच्या बाबतीत सासूच्या वाटच्या चटणी-पिळण्याची भर पडली होती, हे ऐकून सासूला वाईट वाटलं.

हिला बाळ उचलायची रीत बदलायला शिकवली : तळहात वर, बाळाच्या ढुंगणाखाली आणि मानेखाली, अंगठा बोटांना चिकटलेला. अंगठ्यासह मनगटाची पट्टी, दूध पाजताना मांडीवर उशी. सहा आठवड्यांत बहुतेक दुखणं गेलं. इंजेक्शनची गरज पडली नाही.

पुढे काय झालं

शस्त्रक्रियेनंतर पहिल्याच आठवड्यात मावशी रात्रभर झोपल्या. टाके निघेपर्यंत हात कोरडा ठेवून बोटं मात्र रोज हलवत होत्या. तळहाताच्या बुंध्याशी दोन्ही बाजूंना दाबल्यावर दुखणं दोनेक महिने राहिलं. हे बऱ्याच जणांत होतं आणि आधी सांगितलं नाही तर 'ऑपरेशन फसलं' असं वाटतं. जानेवारीत सोलापूरच्या सिद्धेश्वराच्या गड्डा यात्रेला त्या गेल्या तेव्हा नातवाला कडेवर डाव्या हाताने घेतलं होतं. विड्या सातव्या आठवड्यात सुरू केल्या, आधी तीनशे, मग पाचशे. मधल्या काळात जावेने आपल्या कोट्यातून थोडी मजुरी त्यांच्या घरात दिली. तो हिशोब अजून चालू आहे.

मे महिन्यातली तपासणी अशी : पहिल्या आणि मधल्या बोटाची जाणीव बरीच परतली, दोन टोकांतलं अंतर सहा-सातवर आलं. विडी सैल-घट्ट कळते, छाट कमी निघते. हुक स्वतः लावतात. अंगठ्याच्या मुळाची फुगवटी थोडीच भरली आहे आणि पूर्ण भरेल असं मी त्यांना सांगितलेलं नाही. सुकलेल्या स्नायूचं तसं वचन देता येत नाही. दोन वर्षांऐवजी सहा महिन्यांत हा हात कुणी नीट पाहिला असता तर कदाचित शस्त्रक्रियाही टळली असती, आणि म्हणूनच रात्री बोटांच्या मुंग्यांनी जाग येणाऱ्या प्रत्येक बाईला मी आधी कोणती बोटं, हेच विचारते.

डाव्या हातात रात्रीच्या मुंग्या आहेत, पण दिवसा नाहीत आणि स्नायू शाबूत आहे. त्याला सध्या पट्टी पुरे. सोलापूरच्या मेच्या उकाड्यात पट्टीखाली घाम येऊन पुरळ उठलं, म्हणून जुन्या धोतराच्या मऊ कापडाची बाही शिवून आतून घालायला सांगितली आहे, दोन शिवल्या म्हणजे एक धुता येते. उजवा अंगठा मार्चपासून पुन्हा सकाळी अडकू लागला आहे. मधुमेहात एका इंजेक्शनने भागत नाही असं पुष्कळदा होतं. कडी मोकळी करण्याची छोटी शस्त्रक्रिया सुचवली आहे. त्याची तारीख त्यांनी स्वतःच मागितली, जावेच्या मुलीचं लग्न उरकल्यानंतरची, कारण तोवर दोघींची पानं कापणारी जाऊच विडीच्या कामात नसेल.